बाबांचा हात वीस मिनिटं लुळा पडला, आता एकदम ठीक आहेत. तरी दवाखान्यात न्यायचं का?

सांजवेळ

बाबांचं वय ६३. आज दुपारी फोनवर बोलत होते, मी शेजारच्या खोलीत होते. मध्येच त्यांचं बोलणं विचित्र ऐकू यायला लागलं. शब्द ओळखीचे, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. जाऊन बघते तर फोन खाली पडलेला आणि डाव्या हाताने उजवा हात धरून बसलेले. तोंडाची उजवी बाजू थोडी ओघळल्यासारखी वाटली. वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. आता हात उचलतात, बटणं लावतात, नेहमीसारखं बोलतात.

बाबा म्हणतात, हात अवघडला होता, बाकी काही नाही. भाऊ म्हणतो, पुढच्या आठवड्यात नेहमीची तपासणी आहेच, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घालू. बीपीची गोळी चालू होती, पण मध्यंतरी बीपी नॉर्मल आलं म्हणून त्यांनी स्वतःच बंद केली. डायबेटिस नाही. सिगारेट दिवसाला दोन-तीन.

घरात ॲस्पिरिन आहे, ती देऊन ठेवू का? आणि इतकं चांगलं बरं वाटत असताना आजच धावपळ करायची गरज आहे का? माझा जीव थाऱ्यावर नाही, पण घरात मी एकटीच घाबरले आहे.

रातपाळी

आत्ता निघा. पुढच्या आठवड्यात नाही, उद्या सकाळीही नाही. जिथे चोवीस तास सीटी स्कॅन होतो आणि स्ट्रोकचे, म्हणजे पक्षाघाताचे, उपचार होतात अशाच रुग्णालयात न्या. बाबांना गाडी चालवू देऊ नका. वाटेत पुन्हा काही झालं तर सोबत माणसं हवीत, म्हणून ॲम्ब्युलन्स मिळत असेल तर तीच बोलवा.

ॲस्पिरिन देऊ नका. गिळणं नीट आहे याची खात्री होईपर्यंत खायला-प्यायलाही नको. एका कागदावर तीन गोष्टी लिहा: बोलणं बिघडलं ती वेळ, त्याआधी ते शेवटचे ठणठणीत कधी दिसले ती वेळ, आणि ते घेत असलेल्या व बंद केलेल्या सगळ्या गोळ्या. पुढचं गाडीत बसल्यावर वाचा.

मी बरीच वर्षं मेंदूविकार विभागात नर्स होते, बहुतेक रातपाळीलाच. तुम्ही लिहिलंय त्याला टीआयए म्हणतात, म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटून पुन्हा सुरू होणं. गुठळी अडकली आणि सुदैवाने विरघळली किंवा पुढे सरकली. पण ती जिथून आली ती जागा अजून तशीच आहे. टीआयए झाल्यावर नीट उपचार झाले नाहीत, तर पुढच्या तीन महिन्यांत दहातल्या साधारण एकाला पूर्ण स्ट्रोक येतो, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांत येतात. म्हणून भावाचं "पुढच्या आठवड्यात" मला मान्य नाही. सगळ्यात धोक्याचे दिवस तोवर उलटून गेलेले असतील.

याची दुसरी बाजू मात्र आशेची आहे. ऑक्सफर्डला २००७ साली एक अभ्यास झाला. टीआयए किंवा सौम्य स्ट्रोकच्या रुग्णांना चिठ्ठी देऊन घरी पाठवण्याऐवजी त्याच दिवशी तपासून लगेच औषधं सुरू केली, तर तीन महिन्यांतला स्ट्रोकचा धोका १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. औषधं नवीन नव्हती, जुनीच होती. ती फक्त लवकर दिली.

ॲस्पिरिनला नाही म्हटलं, कारण स्ट्रोक दोन प्रकारचा असतो. बहुतेक वेळा रक्तवाहिनी बंद होते, पण काही जणांची फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, हात तसाच लुळा पडतो, बोबडीही तशीच वळते. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी स्कॅनशिवाय खात्रीने सांगू शकत नाही. फुटलेल्या वाहिनीवर ॲस्पिरिन दिली तर रक्तस्राव वाढू शकतो.

बाबा "मला काही झालेलं नाही" म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, नुसतं गाडीत बसवा.

सांजवेळ

निघालो. भाऊ गाडी चालवतोय, आई मागे बाबांजवळ बसली आहे.

उजवा_हात

मी या प्रसंगाच्या पलीकडच्या टोकाचा माणूस आहे, म्हणून लिहितो. मला आधी असाच इशारा मिळाला होता, तीही पाच-दहा मिनिटांची गोष्ट. त्यानंतर मोठा झटका पहाटे झोपेत आला. जागा झालो तेव्हा उजवं अंग माझं नव्हतंच.

झोपेतल्या झटक्याची अडचण ही, की तो नेमका कधी आला हे कुणालाच सांगता येत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझं घड्याळ रात्री झोपायला गेलो तिथपासून धरलं, आणि वेळ निघून गेली होती. आता काही ठिकाणी एमआरआय करून ठरवतात की मेंदूचा किती भाग अजून वाचवता येईल. त्यामुळे सकाळी उठल्यावर असं दिसलं तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये.

बाहेरच्यांना न दिसणारी एक गोष्ट सांगतो. मला सगळं समजत होतं. बायको काय विचारते ते कळत होतं, उत्तरही डोक्यात तयार होतं, पण तोंडातून भलताच शब्द बाहेर पडायचा. लोक मोठ्याने बोलायला लागले, लहान मुलाशी बोलावं तसं. ते फार लागलं. घरात कुणाची वाचा गेली असेल तर हळू बोला, एका वेळी एकच गोष्ट विचारा, हो किंवा नाही म्हणता येईल असं विचारा आणि उत्तराची वाट बघा. वाक्य त्याच्या आधी पुरं करू नका.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण पुढे थांबते असं नाही. व्यायाम आणि वाचा-उपचार सोडले नाहीत म्हणून मी आज दोन्ही हातांनी हे टंकतो आहे. उजवा हात अजून मागे पडतो.

सांजवेळ

कालपासूनचं सांगते. सीटीमध्ये रक्तस्राव नाही. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला एक अगदी लहान ठिपका दिसला, म्हणजे अगदी सौम्य का होईना, स्ट्रोकच होता असं डॉक्टर म्हणाले. मानेच्या धमन्यांची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केली, थोडा थर साठलाय पण ऑपरेशन लागेल इतका नाही. ईसीजी ठीक आहे, तरी होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके बराच वेळ नोंदणारं यंत्र, लावणार आहेत. आल्या आल्या बीपी १८४/१०२ होतं!

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या, शिवाय कोलेस्टेरॉलची एक. बीपीची गोळी पुन्हा सुरू होणार आहे. बाबा म्हणतात, इतक्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या तर नको. आणि कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नसताना त्याची गोळी कशाला? राऊंडच्या गडबडीत डॉक्टरांना एवढं विचारता आलं नाही.

रातपाळी

तुम्ही गेलात, खूप बरं वाटलं.

दोन गोळ्या एकदम जन्मभर नसतात. रक्तातल्या प्लेटलेट चिकटून गुठळी होते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल त्यांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात. चीनमध्ये मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. सौम्य स्ट्रोक किंवा टीआयएनंतर चोवीस तासांत या दोन्ही सुरू करून २१ दिवस दिल्या, तर एकट्या ॲस्पिरिनपेक्षा पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण कमी झालं. त्यापुढे जोडी चालू ठेवली तर फायदा थोडा आणि रक्तस्रावाचा धोका जास्त, म्हणून साधारण तीन आठवड्यांनी एकच ठेवतात. बाबांच्या बाबतीत कोणती गोळी कधी थांबवायची, ती तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. मी पाहिलेल्या पेशंटांत इथेच घोटाळा व्हायचा. कुणी दोन्ही वर्षभर घ्यायचे, तर कुणी महिन्याने दोन्ही बंद करायचे.

कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे स्टॅटिन. ती नुसता आकडा उतरवायला नाही. धमनीच्या भिंतीत जो थर साठलाय तो फुटू नये, स्थिर राहावा हेही तिचं काम आहे. डॉपलरमध्ये थर दिसला म्हटल्यावर तिचं कारण उघड आहे.

आता मुख्य गोष्ट, बीपी. "नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली" हे वाक्य मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय की वाचून पोटात कालवलं. बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे. गोळी गेली की ते परत चढतं, आणि चढताना काही सांगत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस झकास दिसतो. वर्षानुवर्षं तो दाब सोसून मेंदूच्या आतल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, मग एखादी बंद पडते किंवा फुटते. म्हणजे स्ट्रोकच्या दोन्ही प्रकारांमागे हाच एक गुन्हेगार आहे.

३२ देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्ट्रोकचा सुमारे ९० टक्के भार आपल्याला बदलता येतील अशा दहा कारणांशी जोडलेला निघाला: बीपी, हालचालीचा अभाव, आहार, पोटाचा घेर, सिगारेट, कोलेस्टेरॉल, डायबेटिस, दारू, मनावरचा ताण आणि हृदयाचे आजार. ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात, पण सर्वांत वजनदार बीपीच. वरचा आकडा दहाने उतरवला तर स्ट्रोकचा धोका साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतो. एकदा स्ट्रोक किंवा टीआयए होऊन गेलेल्यांवर २००१ सालची एक चाचणी आहे. तिच्यात बीपी मुळात फारसं जास्त नसलेल्यांनाही औषधाचा उपयोग झाला. म्हणून बाबांना "आता बीपी ठीक आहे" हे गोळी सोडायचं कारण धरता येणार नाही. गोळीने पाय सुजले, खोकला लागला तर डॉक्टर दुसरी देतात, पर्याय पुष्कळ आहेत. फक्त मनाने बंद करू नका.

सिगारेट "दोन-तीनच" असली तरी सोडायलाच हवी. कमी ओढल्याने धोका त्या मानाने कमी होत नाही. सोडल्यावर मात्र तो लवकर उतरतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या प्रदीर्घ अभ्यासात सिगारेट सोडलेल्यांचा स्ट्रोकचा धोका पाचेक वर्षांत न ओढणाऱ्यांच्या बरोबरीला आला होता. बाबांना हे आवर्जून सांगा. त्रेसष्टाव्या वर्षी सोडून काय फरक पडणार, असं त्यांच्या मनात असेलच.

मिठाबद्दलही थोडं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीनच्या ६०० खेड्यांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. मिठातला पाव भाग सोडियमऐवजी पोटॅशियमचा केला, एवढ्याने स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल, तर असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

जुनी_पाने

बीपी बोलत नाही या मुद्द्यावर इतिहासातलं एक उदाहरण आठवलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९४१ मध्ये त्यांचं बीपी १८८/१०५ नोंदलेलं आहे. १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा हृदय थकलेलं होतं, पण तेव्हा परिणामकारक औषधच नव्हतं. विश्रांती, कमी मीठ, डिजिटालिस हे हृदयाचं जुनं औषध, एवढ्यावर जगातला सर्वांत शक्तिशाली माणूस चालला होता. १२ एप्रिल १९४५ ला ते चित्रकर्तीसमोर बसले होते. डोक्याच्या मागे भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. डॉक्टरांनी मोजलं तेव्हा बीपी ३०० वर १९० होतं. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच दिवशी गेले. तेही वयाच्या ६३ व्या वर्षी.

त्यानंतर तीनच वर्षांत, १९४८ मध्ये, फ्रॅमिंगहॅमचा तो अभ्यास सुरू झाला. वय वाढलं की बीपी वाढणारच, त्यात वावगं काही नाही, अशी समजूत तोवर अनेक डॉक्टरांचीही होती. या अभ्यासाने ती मोडून काढली. रूझवेल्टना न मिळालेली गोळी आज बाबांना मिळते आहे. ती त्यांनी घ्यावी, असं मनापासून वाटतं.

कोरी_वही

मध्येच विचारते. माझ्या आईची नाडी अनियमित आहे, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन आलं. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिली, पण वय ७८, कुठे पडली-झडली तर रक्त थांबणार नाही, या भीतीने आम्ही फक्त ॲस्पिरिन देतो. ॲस्पिरिनही रक्त पातळच करते ना? तेवढी पुरेल का?

रातपाळी

नाही पुरत. बरं झालं विचारलंत.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साकळून गुठळी होते. ही गुठळी मोठी असते. ती सुटली की थेट मेंदूच्या मोठ्या धमनीत जाऊन बसते, म्हणून असे स्ट्रोक फार वाईट असतात. धोका साधारण पाचपट होतो.

ही गुठळी तयार होण्याची रीत वेगळी आहे आणि तिथे ॲस्पिरिनचा प्रभाव तोकडा पडतो. योग्य गोळी घेतली तर यातले दोन तृतीयांश स्ट्रोक टळतात. २०११ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात वॉरफेरिन (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) झेपणार नाही असं वाटलेल्या लोकांना ॲस्पिरिन किंवा ॲपिक्साबॅन (तशीच नवी गोळी) दिली. ॲपिक्साबॅनवर स्ट्रोक निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव दोन्हींत जवळपास सारखाच राहिला. म्हणजे ॲस्पिरिन देऊन आईला रक्तस्रावाचा धोका तेवढाच राहतो, संरक्षण मात्र तेवढं मिळत नाही. तुमची पडण्याची भीती मी समजू शकते, मीही अशा पेशंटांना रात्री बाथरूमला धरून नेलं आहे. ती भीती तशीच्या तशी डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचं काम, वजन, वय बघून ते गोळी आणि मात्रा ठरवतील. पण हा निर्णय घरच्या घरी ॲस्पिरिनवर मिटवू नका, या आठवड्यातच जा.

सांजवेळ, बाबांना होल्टर लावतायत तोही याचसाठी. हे फिब्रिलेशन येतं-जातं, दहा सेकंदांच्या ईसीजीत सापडेलच असं नाही. सापडलं तर त्यांच्याही गोळ्या बदलतील.

उजवा_हात

लक्षणं घरातल्या सगळ्यांना पाठ हवीत, म्हणून एकत्र लिहितो. अचानक तोल जाणं. अचानक एका डोळ्याने किंवा एका बाजूचं न दिसणं, एकाचे दोन दिसणं. हसायला सांगितलं तर चेहरा एकीकडे ओढला जाणं. दोन्ही हात समोर उचलले तर एक खाली घसरणं. साधं वाक्य म्हणताना जीभ अडखळणं किंवा शब्द चुकणं. यातलं काहीही एकाएकी झालं की वेळ बघायची आणि निघायचं. सगळी लक्षणं एकत्र दिसायची वाट बघू नये, आणि दुखत नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये. मला काडीचं दुखलं नव्हतं.

रातपाळी

यात एवढंच जोडते की मोठी धमनी बंद असेल तर मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. अशा वेळी जांघेतून किंवा मनगटातून तार नेऊन गुठळी ओढून काढता येते. २०१५ च्या चाचण्यांनी हे सिद्ध केलं, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही करतात. पण ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. आपल्या जवळ कुठे आहे ते आजच विचारून ठेवा.

आणि बोट टोचून साखर बघा, मशीन असेल तर. साखर फार उतरली तरी अगदी असंच दिसतं. मात्र मशीन शोधण्यात वेळ घालवू नका.

सांजवेळ

बाबा घरी आले. क्लोपिडोग्रेल कधी थांबवायची ती तारीख लिहून घेतली. सिगारेटबद्दल मी काही बोलायच्या आत आईनेच बोलून घेतलं.

शेवटचं विचारते. घरी बीपीचं मशीन आणलंय. दंडाला बांधायचं आहे, मनगटाचं नाही. पण दर वेळी वेगळा आकडा येतो, मग खरा कोणता मानायचा? आणि भाऊ ३८ चा, मी ३५ ची. आम्हीही बघायला हवं का?

रातपाळी

बघाच. तुमच्या वयात कुणाला कळतही नाही की बीपी वाढलेलं आहे. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल आणि डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होऊन अर्धशिशी उठत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, त्या दोन गोष्टी एकत्र चांगल्या नाहीत. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, तेही सांगा.

मोजायची रीत अशी. आधी अर्धा तास सिगारेट, चहा, कॉफी, व्यायाम नको. लघवी करून यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही, आणि हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, तोच खरा आकडा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर ते वाढलेलं समजतात. बाबांचं लक्ष्य किती ते त्यांचे डॉक्टर सांगतील, बहुतेक यापेक्षा खालीच असेल.

पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना ते बघा, लहान असला तर आकडा फुगून येतो. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. फरक असेल तर ज्या हातावर जास्त येतं तोच कायम धरायचा, आणि वरच्या आकड्यात पंधराहून जास्त फरक राहत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, कमी आकडा येतो त्या बाजूची धमनी अरुंद असू शकते. वही मशीनच्या डब्यातच ठेवा आणि तपासणीला जाताना दोन्ही सोबत न्या. तिथल्या मशीनशी तुमचं जुळतं का, तेही पडताळून मिळेल.